नाव मोठं, लक्षण तपासून

साधा माणूस चाकू हातात घेतला की आधी धार बघतो. अंगठा पात्यावरून आडवा फिरवतो, 'बरा आहे' म्हणतो आणि आंबा मागतो. जुन्या खिशातल्या चाकूंचा संग्राहक यातलं काही करत नाही. तो पातं अर्धवट उघडतो, चाकू नाकापाशी आणतो, एक डोळा मिटतो, दुसऱ्याला भिंग लावतो आणि पातं जिथे मुठीत शिरतं त्या जागी टक लावून बसतो. जुन्या बाजारात मागे गर्दी खोळंबली तर खोळंबली. बऱ्याच वेळाने मान वर करून तो दुकानदाराला विचारतो, "हा 'डी' आहे, की नुसता ओरखडा?"

ज्या जागेकडे तो बघत असतो तिला टँग म्हणतात. पात्याचा हा बिनधारेचा तळ करंगळीच्या नखाएवढा असतो, पण चाकूची सगळी पत्रिका तिथेच मांडलेली असते. कूळ कुठलं, गाव कुठलं, जन्म कोणत्या राजाच्या अमदानीतला, आणि मंगळ तर नाही ना, म्हणजे माल बनावट तर नाही ना, हे सगळं त्या दोन-तीन ओळींत. पातं उगाळून उगाळून काडी झालं तरी चालतं. ही अक्षरं पुसली गेली की चाकू बेवारस.

या पत्रिका जिथे ढिगाने लिहिल्या गेल्या ते गाव म्हणजे इंग्लंडमधलं शेफिल्ड. चौदाव्या शतकात चॉसरने 'कँटरबरी टेल्स'मधल्या एका गिरणीवाल्याच्या मोज्यात शेफिल्डचा चाकू खोचून दिला होता. गावाचं नाव घेतलं की चाकूची जात कळते, ही सोय इतकी जुनी. पुढे १६२४ साली पार्लमेंटने कायदा करून तिथल्या चाकू-कात्रीवाल्यांची 'कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर' उभी केली. नावात कंपनी असली तरी काम पंचायतीचं. उमेदवारी कुणी किती वर्षं करायची, धंदा कुणी करायचा आणि कुणी नाही, आणि मुख्य म्हणजे कुणाचा मार्का कोणता, हे सगळं तिथे ठरायचं. या पंचायतीचा प्रमुख 'मास्टर कटलर' अजूनही दरवर्षी निवडला जातो.

मार्का नोंदवायचा आणि दुसऱ्याचा उचलायचा नाही, असा नियम. कारागीर आणि गिऱ्हाईक दोघंही अक्षरशत्रू असण्याची शक्यता असल्यामुळे चित्रांना मोठी मागणी होती. इबर्सनच्या चाकूवर व्हायोलिन. टेलरच्या चाकूवर चक्क एक डोळा आणि त्याच्यापुढे 'विटनेस' हा शब्द, म्हणजे चाकू स्वतःच स्वतःचा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार. जोसेफ रॉजर्स यांच्या मालावर तारा आणि माल्टीज क्रॉस. त्यातही मार्का ही मिळकत असायची. ती वारसाने यायची, भाड्याने जायची, विकली जायची. रॉजर्स घराण्याचा तारा-क्रॉस १६८२ साली पंचायतीने मुळात दुसऱ्याच एका कारागिराला दिलेला. रॉजर्सकडे तो नंतर आला. पण रॉजर्सच्या नावाला आजही १६८२ हे साल चिकटलेलं असतं. दत्तक मुलाने कुळाचा इतिहास सांगावा, तोही मूळ मुलापेक्षा ठासून, असा हा प्रकार.

रॉजर्सचा मोठा प्रतिस्पर्धी म्हणजे जॉर्ज वोस्टनहोम. त्याच्या चाकूवर आय, मग तारा, मग एक्स आणि एल. सलग म्हटलं की 'आय एक्सेल', म्हणजे मीच सरस. हा मार्का १७८७ सालचा, आणि हाही आधी दुसऱ्याचा. एवढी उघड आत्मस्तुती पंचायतीने मुकाट्याने नोंदवून घेतली. आडनावाची कथा तर याहून बहारदार आहे. घराण्याचं मूळ आडनाव वोल्स्टनहोम. इंग्रजीत त्याची भरतात बारा अक्षरं. ती टँगवर मावेनात म्हणून घरच्यांनी दोन अक्षरं कापून टाकली, असं शेफिल्डमध्ये सांगतात. आडनावासाठी पातं रुंद करावं असं काही त्या घरात कुणाला सुचलं नाही. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा सगळा ऐवज मांडल्याशिवाय ज्यांना सही पुरी झाल्यासारखी वाटत नाही, त्या मराठी मंडळींना शेफिल्डमध्ये चाकूऐवजी तलवारीचाच धंदा काढावा लागला असता.

बरं, या मोठ्या नावाखाली माल कुठला? शेफिल्डच्या क्रुसिबल पोलादासाठी लागणारं उत्तम लोखंड यायचं स्वीडनहून. मुठीचं हस्तिदंत आफ्रिकेतून. आणि इंग्लिश सद्गृहस्थ ज्या खडबडीत तपकिरी मुठीवर जीव टाकायचा ते सांबरशिंग आपल्या हिंदुस्थानातून. ताडोबाच्या सफारीत गाडीकडे दुर्लक्ष करून पाणी पिणारं सांबर डोक्यावर जे ओझं वाहतं, त्याचे तुकडे व्हिक्टोरिया राणीच्या सरदारांच्या खिशात पोचत होते. सांबर दरवर्षी शिंगं गाळतं, त्यामुळे त्याची काही तक्रार नव्हती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला भारताने या शिंगांची निर्यात बंद केली, तेव्हा तक्रार आली ती जगभरच्या चाकूवाल्यांची. शेफिल्डचं स्वतःचं असं काय होतं, तर आग, नदीच्या पाण्यावर फिरणारी सहाणेची चाकं, पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले हात आणि टँगवरचं नाव.

नाव झालं की मिरवणं आलंच. रॉजर्स कंपनीने १८२२ च्या सुमारास एक 'इयर नाइफ' करायला घेतला. कल्पना साधी होती: जितकं इसवी सन तितकी पाती. म्हणजे १८२२ साली १८२२ पाती, आणि पुढे सन वाढेल तशी पातीही वाढवायची. खिशातला चाकू म्हणून जन्माला आलेली ही वस्तू कुठल्या खिशात जाणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मग १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी याच कंपनीने 'नॉरफोक नाइफ' काढला. त्याला ७५ पाती आणि हत्यारं, मोत्याच्या शिंपल्याची मूठ, आणि पात्यांवर कोरलेली चित्रं. सफरचंद सोलायला घेतलं तर आधी योग्य पातं सापडेपर्यंत सफरचंदाचा हंगाम संपायचा. पण त्या चाकूने कापायचं नव्हतंच. तो बघून लोकांनी शेजारच्या टेबलावरचा दोन पात्यांचा चाकू विकत घ्यावा, एवढंच त्याचं काम.

नाव इतकं चालायला लागल्यावर चोर येणारच. कुणी 'रॉजर्स'च्या इंग्रजी स्पेलिंगमधला डी गाळून त्याच नावाचे चाकू काढले. बाजारातला तो संग्राहक भिंगातून डी शोधत होता तो याचसाठी. सगळ्यात मोठा वाद झाला तो जर्मनीतल्या झोलिंगनशी. तेही चाकूंचंच गाव, आणि स्वतःचं नावही तोलामोलाचं. तिथल्या पेटर हेंकेल्सने १३ जून १७३१ रोजी जुळ्यांचा मार्का नोंदवला. तेव्हा सूर्य मिथुन राशीत होता, म्हणून जुळे. युरोपातल्या एका मोठ्या कारखान्याचं बोधचिन्ह राशिभविष्यातून आलं, याचं आपल्याकडच्या ज्योतिषांनी अजून भांडवल कसं केलं नाही, कळत नाही. असं भारदस्त नाव असूनही एकोणिसाव्या शतकात जर्मन कारखान्यांतला काही स्वस्त माल अंगावर 'शेफिल्ड' लिहून इंग्लंडच्या दुकानांत यायला लागला. शेफिल्डवाल्यांनी आरडाओरडा केला, आणि १८८७ साली ब्रिटिश पार्लमेंटने मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट करून परदेशी मालावर मूळ देशाचं नाव घालायची सक्ती केली. हेतू असा की 'मेड इन जर्मनी' वाचून गिऱ्हाइकाने नाक मुरडावं. गिऱ्हाइकाने तो माल वापरला, तो टिकला, आणि मग त्याने खास ती अक्षरं बघून माल घ्यायला सुरुवात केली. कपाळावर डाग म्हणून मारलेला शिक्का गंधासारखा मिरवला गेला.

तीनच वर्षांनी शेफिल्डला दुसरा तडाखा बसला, तो अमेरिकेचा. १८९० च्या मॅकिन्ली टॅरिफने परदेशी चाकूंवर जबर जकात बसवली आणि मार्च १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. शेफिल्डच्या अनेक कारखान्यांचा अमेरिकेवरच संसार चालायचा, तो मोडला. संग्राहकांची मात्र चंगळ झाली. टँगवर 'इंग्लंड' असेल तर चाकू बहुधा १८९१ नंतरचा, नसेल तर आधीचा, असा एक ठोकताळा हातात आला. 'मेड इन इंग्लंड' असं पूर्ण वाक्य असेल तर आणखी बराच अलीकडचा.

आता समजा, असा एक चाकू समोर आहे. लांबी तीन इंच, पाती दोन, मूठ सांबरशिंगाची. एका बाजूने शिंग बोटांनी घासून घासून गुळगुळीत झालेलं, म्हणजे मालक उजव्या हाताचा होता की डावऱ्या, यावर दोन संग्राहक चहा थंड होईपर्यंत भांडू शकतात. मोठं पातं उघडलं की सगळ्यात वर व्ही, मध्ये बारीक मुकुट, मग आर. व्हिक्टोरिया रेजिना, म्हणजे १८३७ ते १९०१. त्याखाली रॉजर्सचं नाव, डी धरून. त्याखाली 'कटलर्स टू हर मॅजेस्टी'. 'हर' आहे म्हणजे गादीवर राणी. राजा असता तर 'हिज' झालं असतं. एका सर्वनामावर चाकूचं वय कित्येक वर्षांनी पुढेमागे सरकतं. 'इंग्लंड' कुठेही नाही. झालं, १८९१ च्या आधीचा! संग्राहक बोली लावायला तोंड उघडतो तेवढ्यात शेजारचा दुसरा संग्राहक खोकतो. ती सक्ती अमेरिकेला जाणाऱ्या मालापुरती होती. हा चाकू शेफिल्डहून थेट इंग्लंडातल्याच लीड्सला गेला असेल तर? आणि राणी वारली म्हणून कारखानदाराने तिच्या नावाचे ठसे दुसऱ्या दिवशी भट्टीत टाकले असतील, असं कुठल्या कारखानदाराला ओळखणाऱ्या माणसाला वाटेल? गणित पुन्हा पहिल्या पायरीवर येतं. हाताशी जेफ्री ट्वीडेल यांनी केलेली शेफिल्डच्या कारखानदारांची १७४० पासूनची जाडजूड सूची असते. ती उघडून दोघं आपापलं मत सिद्ध करणारं पान शोधायला लागतात.

जकातीमागे अमेरिकन चाकूंचा धंदा फोफावला. खरं तर त्याचं बी शेफिल्डचंच. न्यूयॉर्क नाइफ कंपनी १८५२ साली काढली ती शेफिल्डहून आलेल्या कारागिरांनी. पण नावं ठेवण्यात अमेरिकनांनी शेफिल्डला मागे टाकलं. तिथे चाकूच्या आकाराला 'पॅटर्न' म्हणतात आणि प्रत्येक पॅटर्नला नाव असतं: पीनट म्हणजे शेंगदाणा, कनू म्हणजे होडी, टूथपिक म्हणजे दातकोरणं. एका लठ्ठ, रुंद चाकूचं नाव 'हत्तीच्या पायाचं नख'. दोन संग्राहक फोनवर बोलत असले तर ऐकणाऱ्याला वाटावं की एक वाणसामान मागतोय आणि दुसरा सर्कस विकतोय.

पेनसिल्वेनियातल्या केस कंपनीने तर टँगवर कॅलेंडरच छापलं. १९२० ते १९४० मधल्या मालावर 'केस टेस्टेड एक्सएक्स', मग १९६४ पर्यंत नुसतं 'केस एक्सएक्स', १९६५ पासून त्याखाली 'यूएसए'. आणि १९७० साली नावाखाली दहा ठिपके. दरवर्षी एक ठिपका कमी. १९७५ चा चाकू पाच ठिपक्यांचा, १९७९ चा एका ठिपक्याचा. १९८० साली 'एस' अक्षर विजेच्या आकाराचं झालं आणि ठिपके पुन्हा दहा. पात्यावर मॉडेलचा आकडाही असतो, आणि तोही वाचायचा असतो. समजा ६२५४. पहिला ६ म्हणजे मूठ हाडाची, २ म्हणजे पाती दोन, ५४ हा पॅटर्न. अशी सगळी माहिती मालावरच उतरवून ठेवणारी कंपनी बघून कुठल्याही सरकारी कचेरीतल्या कारकुनाचे डोळे पाणावतील. संग्राहकांचे डोळे मात्र दुखतात. गंजाचा एक टिपूस ठिपक्यासारखा दिसला की चाकू वर्षभराने म्हातारा होतो.

पण अमेरिकेत अस्सलपणाचं वेड ठिपक्यांच्या फार आधीचं. मार्क ट्वेनच्या १८७६ सालच्या कादंबरीत टॉम सॉयरला बक्षीस म्हणून साडेबारा सेंटचा नवा कोरा बार्लो चाकू मिळतो. तो काही कापत नाही, पण अस्सल बार्लो असतो, आणि टॉमला तेवढ्यानेच स्वर्ग दोन बोटं उरतो. असल्या चाकूची बनावट नक्कल केली तर त्याचं आणखी काय बिघडणार, असा प्रश्न ट्वेनला पडतो. तो आज असता तर संग्राहकांच्या मेळाव्यात त्याला कोपऱ्यात घेऊन दोन तास समजावण्यात आलं असतं.

कारण बनावटीचा धंदा आता कारागिरांना सोडून संग्राहकांच्याच मागे लागलाय. पूर्वी नक्कल व्हायची ती नव्या मालाची. आता होते ती जुन्या मालाची. रेमिंग्टन कंपनीने १९२० ते १९४० एवढीच वर्षं चाकू केले, आणि त्यातले मुठीवर बंदुकीच्या गोळीचं चिन्ह असलेले १९२२ पासूनचे 'बुलेट' चाकू इतके महाग झाले की त्यांचे 'जुने' नमुने नव्याने तयार व्हायला लागले. मग १९८२ पासून त्या नावाने जुन्या नमुन्याचे नवे चाकूही अधिकृतपणे निघू लागले. म्हणजे अस्सल जुना, अस्सल नवा आणि नकली जुना अशा तीन जाती. चांगल्या संग्राहकाचा पहिला संशय टँगच्या जाडीवर असतो. एका पात्याचा टँग बाकीच्यांपेक्षा पातळ लागला तर कुणीतरी गरीब घरचं नाव घासून काढून तिथे श्रीमंताचं ठोकलंय. गंजाचे जुने खड्डे अक्षरांच्या खालून गेलेले दिसले, तर खड्डे आधीचे आणि अक्षरं नंतरची. आणि मूठ एका चाकूची, पातं दुसऱ्याचं, कमान तिसऱ्याची असा जोडून काढलेला नग तर नेहमीचाच.

शिक्का पास झाला की मग चाल आणि बोल. पातं उघडताना-मिटताना अडखळत नाही ना, ही चाल. आणि मिटताना कमानीचा 'खट्ट' असा कडक आवाज येतो का, हा बोल. हा आवाज ऐकायला संग्राहक डोळे मिटून घेतात. घरातली माणसं मात्र उघडे डोळे एकमेकांकडे वळवतात.

मुठीचीही परीक्षा असते, आणि तिथे एक शत्रू घरातच बसलेला असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाल-हिरव्या, मोतिया, कासवाच्या पाठीसारख्या झळाळत्या सेल्युलॉइडच्या मुठी फार चालल्या. हे सेल्युलॉइड काही दशकांनी आपणहून कुजायला लागतं आणि त्यातून आम्लाची वाफ निघते. ती शेजारच्या चाकूंची पाती खाते. सांबरशिंगाची, हाडाची सालस मंडळी एका पेटीत गुण्यागोविंदाने नांदत असतात आणि या एका रंगेल पाहुण्यामुळे सगळ्यांना गंज चढतो. म्हणून सेल्युलॉइडवाले चाकू वेगळ्या खोलीत, हवेशीर, एकटे. घरात पाहुण्यांना झोपायला जागा नसली तरी त्यांना असते.

राहता राहिलं पातं. सर्वांत वरची प्रत 'मिंट', म्हणजे चाकू कारखान्यातून निघाला तसाच्या तसा. कधी वापरला नाही, कधी धार लावली नाही, लिंबूसुद्धा कापलं नाही. शंभर वर्षांत ज्याने काहीच काम केलं नाही त्याची किंमत सगळ्यांत जास्त, आणि शेतकऱ्याच्या खिशात राहून रोज दोरखंड कापत झिजला त्याला 'वापरलेला' म्हणून कोपऱ्यात टाकायचं. याला मोठ्या माणसाच्या खिशाचा अपवाद आहे. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री गोळी लागली तेव्हा अब्राहम लिंकनच्या खिशात दोन चष्मे, रुमाल, वर्तमानपत्रांची कात्रणं, बंडखोर राज्यांची पाच डॉलरची एक नोट आणि एक खिशातला चाकू होता. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे हा ऐवज आहे. इतिहासकार त्या शत्रूच्या नोटेवर तर्क लढवतात. संग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "टँगवर काय आहे?"

तर असा एखादा मिंट चाकू मराठी संग्राहकाच्या घरी परदेशातून पार्सलने येतो. पाठवणाराही त्याच जातीचा असल्यामुळे खोक्याला चारी बाजूंनी चिकटपट्टीचे चार-चार थर. संग्राहक नखाने सुरुवात करतो, मग दातांनी, मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन कात्री कुठे आहे विचारतो.

"अहो, कपाटभर चाकू आहेत ना? त्यातला एक घ्या की!"

"ते कापायचे नाहीत गं," असं म्हणत तो खिशातून स्कूटरची किल्ली काढतो आणि चिकटपट्टी खरवडायला लागतो.